'फार हायपर आहे हो' म्हणून परत येणारा शेल्टरचा कुत्रा: काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघा, जुळत असतील तरच पुढचं वाचा. कुत्रा देशी, वय आठ महिने ते दोन-अडीच वर्षं, खातो-पितो व्यवस्थित, माणसांवर राग नाही, उलट माणूस दिसला की अंगावरच उडी. फोटो टाकला की 'सो क्यूट' येतं पण बघायला कोणी फिरकत नाही. किंवा येतात, पिंजऱ्यासमोर दोन मिनिटं उभे राहतात आणि शेजारचं पिल्लू घेऊन जातात. किंवा सगळ्यात वाईट म्हणजे घेऊन जातात, स्टेटसला फोटो वगैरे ठेवतात आणि मग फोन येतो की ताई, फार हायपर आहे हो, आम्हाला नाही झेपत, कधी आणून सोडू? घरी नेमकं काय करतो विचारलं की उत्तरं ठरलेली: संध्याकाळी सात-आठ वाजले की अंगात आल्यासारखा घरभर पळतो, मुलांच्या पॅन्टी नि ओढण्या धरून ओढतो, आजींच्या अंगावर उड्या, चपला फाडल्या, फिरायला नेलं की खांदा निखळायची वेळ, एकटा ठेवला की भुंकतो आणि खालच्या मजल्यावरचे ग्रुपवर तक्रार टाकतात.

मी पुण्यात एका शेल्टरसाठी दत्तक द्यायचं काम बघते आणि ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की समोरच्याचं पहिलं वाक्य झालं की पुढचं मीच बोलून दाखवते. माझं मत आधीच सांगून टाकते. यातल्या बहुतेक कुत्र्यांचा प्रॉब्लेम जास्तीची एनर्जी हा नसतोच, कुणाची झोप होत नसते, कुणाला खाज असते, कुणाला चुकीचं घर मिळालेलं असतं, आणि लेबल मात्र सगळ्यांना एकच लागतं. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या गोष्टींपासून खर्चाच्या नि कटकटीच्या गोष्टींकडे जातो. मधलं सोडून थेट ट्रेनरला पैसे देऊ नका.

अजून एक, कुत्रा परत आला तर किती दिवसांनी आला ते लिहून ठेवा, अर्धं निदान तिथेच होतं. दोन-तीन दिवसांत आला तर घरातल्या एकाने हट्टाने आणला होता, बाकीच्यांना नकोच होता. तीन-चार आठवड्यांनी आला तर बहुतेक वेळा तो नेताना आजारी किंवा घाबरलेला होता आणि आता बरा झालाय, यावर खाली लिहिलंय. सहा महिन्यांनी आला तर घरमालक, बदली किंवा बाळ, आणि नाव कुत्र्याचं पुढे केलेलं.

फोटो आणि मजकूर

खर्च शून्य. गजांमागचा, वरून काढलेला, जीभ बाहेर आणि डोळे फ्लॅशने चमकतायत असा फोटो असेल तर आधी तो काढून टाका. कुत्रा फिरून, पाणी पिऊन जरा निवांत झाला की सकाळच्या उन्हात खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्या, काळा कुत्रा असेल तर सावलीत अजिबात नको कारण चेहराच दिसत नाही. आणि एक व्हिडिओ झोपलेला असतानाचा घ्या. हे कुणाला सुचतच नाही, सगळे बॉलमागे पळतानाचा टाकतात. लोकांना तो पळतो हे माहीतच असतं, तो शांतही बसतो हे त्यांना बघायचं असतं.

मजकुरात 'अर्जंट, नाहीतर रस्त्यावर जाईल' लिहिलं की दया येऊन फोन करणारे जास्त येतात आणि दयेपोटी नेलेला कुत्रा लवकर परत येतो. त्यापेक्षा सरळ लिहा: दीड वर्षाचा, सकाळ-संध्याकाळ मिळून दीडेक तास फिरणं हवं, उड्या मारतो, शिकवणं चालू आहे, मांजर चालत नाही. फोन कमी येतील. येऊ देत कमी.

कुत्रा दाखवता कसा

हेही फुकट. शेल्टरमध्ये कोणी अनोळखी आत आलं की सगळा वॉर्ड भुंकायला लागतो आणि त्या गोंगाटात आपला हिरो दारावर उड्या मारत असतो. जाळीपलीकडे माणूस दिसतोय पण पोचता येत नाही याची ती चिडचिड असते, मोकळ्या जागेत तोच कुत्रा वास घेत इकडेतिकडे फिरतो. म्हणून बघायला येणाऱ्यांना पिंजऱ्याजवळ नेऊच नका. ते यायच्या आधी अर्धा तास त्याला फिरवून आणा, मग ऑफिसजवळ किंवा बाहेर झाडाखाली भेटवा, लोकांना खुर्चीवर बसायला सांगा, हातात उकडलेल्या चिकनचे चार तुकडे द्या, उभं राहून 'अले अले' करायचं नाही असं आधीच सांगा. आमच्याकडे एक बंड्या नावाचा कुत्रा होता, त्याला पिंजऱ्यात बघून सगळे मागे सरकायचे आणि शेवटी झाडाखाली भेटलेल्या पहिल्याच कुटुंबाने त्याला नेलं.

जमलं तर त्याला शेल्टरबाहेर पाठवा, एखाद्या व्हॉलंटियरच्या घरी शनिवार-रविवार. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शेल्टरांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात थोड्या वेळासाठी बाहेर फिरवून आणलेल्या कुत्र्यांना घर मिळायची शक्यता पाचपट आणि एक-दोन रात्री कोणाच्या घरी राहून आलेल्यांची चौदापटीच्याही वर निघाली होती. आपल्याकडचे आकडे तसेच असतील असं म्हणत नाही, पण कारण उघड आहे. एक तर तो आणखी दहा माणसांच्या नजरेस पडतो, आणि दुसरं म्हणजे तो घरात कसा वागतो ते तुम्हाला आधीच कळतं. शेल्टरमध्ये बसून ते कधीच कळत नाही.

झोप

ही तपासणी लोक हमखास टाळतात. पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, मोठा कुत्रा १२ ते १४ तास, आणि शेल्टरच्या आवाजात ही झोप होत नाही. नवीन घरातही होत नाही, कारण नवा कुत्रा म्हणून शेजारपाजारची पोरं येतात, दुपारी त्याच्याशी खेळतात, संध्याकाळी बाबा आले की ते खेळतात, रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू. आणि मग सात वाजता जे घरभर पळणं आणि चावरेपणा सुरू होतो ते दमलेल्या लहान मुलाचं जे होतं तेच असतं. घरचे काय करतात, तर 'अजून एनर्जी आहे' म्हणून आणखी पळवतात.

घरच्यांना सांगा की दुपारी दोन-तीन तास एक खोली किंवा कोपरा फक्त त्याचा, दार लोटलेलं, पडदा ओढलेला, जुनी चादर, चघळायला काहीतरी, आणि तिथे असताना कोणीही हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. आठवडाभर एवढं एकच करून बघा. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते आणि मला उगाच तज्ज्ञ असल्याचं क्रेडिट मिळतं.

खाज, जंत, कान

आता थोडा खर्च, पण ट्रेनरच्या एका सेशनपेक्षा कमी. अंगाला खाज असेल तर कुत्रा पाच मिनिटं एका जागी बसूच शकत नाही आणि बघणाऱ्याला तो 'चंचल' वाटतो. कानाची टोकं, कोपरं आणि पोटाखालचे केस गेलेत का बघा, बोटांच्या मधे आणि कानाच्या आत गोचीड शोधा, कानातून वास येतोय का, डोकं झटकतो का, बूड जमिनीला घासतो का. जंताचं औषध वजनाप्रमाणे द्यायचं असतं म्हणून आधी वजन करा. खरूज असेल तर वेटरनरी डॉक्टरकडून त्वचेचा नमुना तपासून घ्या, हळद-खोबरेल तेल लावत बसू नका, तो ते चाटतो आणि सोफा पिवळा होतो, बाकी काही होत नाही.

'नेला तेव्हा शांत होता'

तीन-चार आठवड्यांनी परत येणाऱ्यांची ही केस. गोचीड ताप आपल्याकडे इतका कॉमन आहे की रस्त्यावरून आलेला सुस्त कुत्रा दिसला की माझ्या डोक्यात पहिलं तेच येतं. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीतून रक्तात जातो, प्लेटलेट कमी होतात, ताप, भूक कमी, कधी नाकातून रक्त. असा कुत्रा कोपऱ्यात पडून असतो आणि फॉर्मवर कोणीतरी 'स्वभाव शांत, सिनियर सिटिझनसाठी योग्य' असं लिहून टाकतं. मग एखादे काका-काकू त्याला नेतात, डॉक्टर डॉक्सीसायक्लीनचा कोर्स देतात, तो साधारण २८ दिवस चालतो, आणि कोर्स संपेस्तोवर काका-काकूंच्या घरात एक तरणाताठा, ठणठणीत, अठरा किलोचा गडी सोफ्यावरून उड्या मारत असतो. कुत्रा बिघडलेला नाही, तो पहिल्यांदाच बरा झालाय.

घाबरलेल्या कुत्र्याचंही असंच. पहिले तीन दिवस गप्प, तीन आठवड्यांत रुटीन कळतं, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो, हा ढोबळ हिशेब सगळीकडे सांगतात आणि माझ्या अनुभवात तो बराचसा जुळतो. म्हणून शेल्टरमध्ये आल्याआल्या स्वभावाचा रकाना भरूच नका. रक्ताची साधी तपासणी करून घ्या, औषध पूर्ण होऊ द्या आणि मग लिहा.

फिरणं

इथे जरा वेळ घालवते कारण गैरसमज इथे सगळ्यात जास्त. लोक विचारतात, रोज किती किलोमीटर? सायकलला बांधून पळवू का? तासभर बॉल फेकू का? त्याने कुत्रा दमतो, पण महिन्याभरात त्याचा स्टॅमिना वाढतो आणि मग तासभराने काहीच होत नाही, शिवाय बॉल दिसला की डोकं आणखी तापतं ते वेगळंच. देशी कुत्र्याची पिढ्यानपिढ्या सवय म्हणजे वास घेत हिंडणं, काहीतरी शोधून खाणं आणि मग सावलीत पडणं. तेच द्या. सकाळी चाळीस मिनिटं, लांब पट्टा, तो म्हणेल त्या खांबापाशी तो म्हणेल तितका वेळ. जेवणाचा वाटीभर भाग ताटलीत न देता गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत टाका, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात टाका, फाडू दे खोकं. वीस मिनिटं नाकाने काम केलं की तो आपणहून जाऊन आडवा होतो.

लांब पट्टा म्हणजे कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी नव्हे, कुत्र्याने झटका दिला की तळहात सोलून निघतो. रुंद पट्टीचा घ्या. आणि नवीन कुत्रा फक्त गळपट्ट्यावर बाहेर काढू नका. देशी कुत्र्याचं डोकं अरुंद आणि मान जाड, घाबरून मागे सरकला की पट्टा कानांवरून सुटतो आणि मग रात्री टॉर्च घेऊन सोसायटीभर शोधाशोध. छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना पट्टा अडकवा, निदान पहिला महिना. दिवाळीच्या आठवड्यात तर कुत्रा दत्तक देऊच नका, फटाक्यांनी पळालेला नवा कुत्रा घराचा रस्ता ओळखत नसतो. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचेही पाय भाजतायत, सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर फिरवा.

उड्या आणि तोंड मारणं

इथपर्यंत सगळं करूनही उड्या राहिल्या तर मगच शिकवण्याकडे वळा. तत्त्व एकच, चारही पाय जमिनीवर असताना सगळं मिळतं, उडी मारली की माणूस पुतळा होतो, बघत नाही, बोलत नाही, ढकलतही नाही कारण ढकलणं त्याला खेळ वाटतं. पाय खाली आले की लगेच खाऊ, आणि तोही जमिनीवर. हातांना तोंड मारलं की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. हे कठीण नाही, कठीण असतं घरातल्या सगळ्यांनी एकच करणं. आई दुर्लक्ष करते, दादा छातीवर घेऊन नाचवतो आणि आजोबा टेबलाखालून खारी देतात, मग कुत्रा शिकणार काय? फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि आजोबांनाच खाऊ द्यायचं काम द्या, ते सगळ्यात शिस्तीने करतात असं दिसलंय. खाऊ म्हणून पनीर, उकडलेलं चिकन. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा नाही, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाही.

नसबंदीने हा दंगा थांबेल या आशेवर राहू नका. नसबंदी करायचीच आहे, पण तिने भटकणं नि मादीमागे पळणं कमी होतं, दीड वर्षाचं वय कमी होत नाही.

घर

ही सगळ्यात अवघड तपासणी कारण इथे माणसांना प्रश्न विचारायचे असतात आणि लोकांना राग येतो. फ्लॅट किती मोठा हे मी आता विचारतही नाही, वन-बीएचकेत मजेत राहणारे असे कुत्रे भरपूर आहेत. मी विचारते की सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कोण असतं, पावसात कोण फिरवणार, गावाला जाल तेव्हा कुठे ठेवणार, घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का. सोसायटीची भीती घालतात त्यांना सांगा की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. मात्र महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि शी उचलणं आपल्या बाजूने चोख हवं, नाहीतर कुठल्या तोंडाने भांडणार.

असा कुत्रा कुणाकडे टिकतो? रोज पळायला किंवा टेकडीवर जाणाऱ्याकडे, घरून काम करणाऱ्याकडे, आणि जिथे आधीच एक समजूतदार कुत्रा आहे तिथे. दोन वर्षांच्या बाळाच्या घरी नको, हातपाय थरथरणाऱ्या आजींच्या घरीही नको, त्यांना दहा वर्षांचा कुत्रा द्या, दोघंही सुखात राहतील.

आणि 'आमच्याकडे शेत आहे, मोकळा राहील' हे ऐकून हुरळून जाऊ नका. जाऊन बघा. निम्म्या वेळा मोकळा म्हणजे दिवसभर साखळीला आणि रात्री राखणीला सोडलेला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात उसात बिबटे आहेत आणि बांधलेला कुत्रा त्यांना सोपा पडतो, अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. रात्री घरात किंवा पक्क्या खोलीत घेणार असतील तरच द्या.

काहींना घर शोधायचीच गरज नसते हेही सांगते. आपल्या गल्लीत रमलेला, रोज खायला घालणारे आहेत असा मोठा कुत्रा नसबंदीसाठी आला असेल तर २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे लस देऊन पकडला तिथेच सोडायचा असतो (शाळा, हॉस्पिटल, स्टेशन अशा आवारांबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगळा आदेश दिलाय, तेवढं तपासा). त्याला हट्टाने चौथ्या मजल्यावर नेलं की तो भुंकणार, दार खरवडणार, आणि पुन्हा तेच लेबल.

घर पसंत पडलं तरी आधी दोन-तीन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला द्या, कागदावर तसं लिहून. परत आणायची मुभा आहे म्हटल्यावर लोक खरं बोलतात, अडचण पहिल्याच आठवड्यात सांगतात, आणि ती तेव्हा सुटतेही. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने तुम्हीच फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं चालेल त्या कुत्र्याला जो फक्त दंगेखोर आहे. खालचं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद.

डॉक्टरकडे आधी, ट्रेनरकडे नंतर: वागणं अचानक बदललं, हात लावला की कळवळून तोंड टाकतो, तासन्‌तास शेपटीमागे गोल फिरतो किंवा स्वतःचा पाय चावून जखम करतो, एखादा पाय किंवा जबडा आपोआप झटके देतो (डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार होऊन गेल्यावर असं राहू शकतं), फिट येते. हे सगळं लांबून 'हायपर' दिसतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या कारण क्लिनिकच्या टेबलवर तो नेमका गप्प उभा राहतो.

वर्तन समजणाऱ्या तज्ज्ञाकडे: खाण्याजवळ गेलं की ताठ होऊन गुरगुरतो आणि घरात मुलं आहेत, दात लागून रक्त आलं, किंवा एकटा ठेवला की लाळेने जमीन ओली, नखं तुटेपर्यंत दार खरवडतो, गॅलरीतून उडी मारायला बघतो. शेवटचं कंटाळ्याचं लक्षण नाही, ती भीती आहे, आणि कधीकधी डॉक्टरच्या औषधाशिवाय शिकवणं सुरूच करता येत नाही. ते औषध मेडिकलमधून मनाने आणायचं नाही. जो ट्रेनर कुत्रा न बघता फोनवर 'पंधरा दिवसांत गॅरंटी' म्हणतो, शॉक कॉलर काढतो किंवा कुत्र्याला तुमच्याशिवाय महिनाभर घेऊन जातो म्हणतो, त्याला नको म्हणा.

चावला असेल, मग कितीही लाडका असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (लसीबरोबर जखमेत देतात ते तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) विचारा, सरकारी दवाखान्यात लस मिळते. कुत्र्याला दहा दिवस वेगळं ठेवून नजर ठेवायची, त्या काळात तो कुणालाही दत्तक द्यायचा नाही. गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, मागचे पाय लुळे पडतायत असं दिसलं तर जवळ जाऊ नका, तोंडात हात घालून 'घशात हाड अडकलंय का' बघू नका, खोलीचं दार बाहेरून लावा आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करा.